जुनी नाणी: घासायची, धुवायची की आहेत तशीच ठेवायची?

सोनवेल

दिवाळी तोंडावर आली. लक्ष्मीपूजनाच्या डब्यातली नाणी चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करायची, हा बहुतेक घरांतला रिवाज. नाणी जमवणारे मात्र म्हणतात की जुन्या नाण्याला हात लावू नका, घासलंत की संपलं. दोन्हीकडची मंडळी ठाम असतात, पण कारण कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा धागा.

डब्यात आहे ते असं. व्हिक्टोरियाचे राणीछाप रुपये सहा, त्यात १८६२ चे दोन आणि बाकी १८७७ नंतरचे. पंचम जॉर्जचा १९१८ चा एक. सहाव्या जॉर्जचे १९४४ आणि १९४७ चे एकेक. तांब्यात दुदांडी शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची मराठा नाणी, अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली) अकरा, कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा एक, भोकाचे पैसे मूठभर. शिवाय १९४३ चा पिवळा एक आणा आणि ॲल्युमिनियमचे दोन, तीन, पाच पैसे. रुपये काळपट पडलेत. तीन शिवरायांवर फिकट हिरवी पूड आहे, बाकीच्या गर्द तपकिरी-काळ्या. भोकाचे पैसे प्लॅस्टिकच्या पाकिटात होते, ते चिकट हिरवे झालेत.

विकायचं काही नाही. कशाला काय करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे धातूप्रमाणे आणि शक्यतो प्रमाणासकट सांगा.

टाकसाळ

मुळात ज्यावरून वाद होतो ते आधी. नाणं पाडताना ठशाच्या दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर किरणांसारख्या अतिशय बारीक रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली फिरवलं की उजेडाचा पट्टा त्यावर गोल फिरतो, तो या रेषांमुळे. टाकसाळीची झळाळी म्हणतात ती हीच. या रेषा इतक्या उथळ असतात की एकदा पावडरने घासलं किंवा सोनाराच्या डिपमध्ये (चांदी उजळायच्या द्रावणात) जरा जास्त वेळ बुडवलं तरी त्या जातात. नाणं चमकतं, पण ती चमक घासलेल्या भांड्याची. गेलेली झळाळी कशानेही परत येत नाही.

व्यवहारात फिरलेल्या नाण्यावर या रेषा आधीच झिजलेल्या असतात. तिथे जपायचा असतो तो वर बसलेला थर: चांदीवर गंधकाच्या संयुगाचा काळा, तांब्यावर ऑक्साइडचा तपकिरी. थर घट्ट आणि अखंड असेल तर तो खालच्या धातूचं रक्षण करतो. काढलात की उघडी पडलेली चांदी पुन्हा काळी पडणार, तुम्ही पुन्हा घासणार, आणि दर खेपेला थोडी चांदी जाणार. वर्षानुवर्षं घासलेल्या राणीछाप रुपयावर आधी राणीच्या झग्यावरची नक्षी सपाट होते, मग मुकुट.

म्हणून माझा नियम असा: बाहेरून येऊन बसलेलं काढायचं (माती, मेण, तेल, हळदकुंकू, प्लॅस्टिकचा चिकटा) आणि नाण्याच्या धातूचंच जे झालंय ते राहू द्यायचं. अपवाद एकच, तांब्यावरची फिकट हिरवी पूड. त्या तीन शिवराया आजच वेगळ्या काढा.

पुणेरी पावली

वाचनखूण साठवली. पुढचे प्रतिसादही असेच प्रमाणासकट येऊ द्या.

स्वातीनक्षत्र

टाकसाळ, तुमचं पटलं, पण ते संग्राहकांसाठी. पूजेतल्या नाण्याला बाजारभाव नसतो. घरच्या लक्ष्मीला काळवंडलेला रुपया कसा ठेवणार? वर्षातून एकदा चिंच लावली म्हणून रुपया नाहीसा होत नाही. आपल्याकडे देवाची उपकरणी पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनेच उजळतात आणि अजून शाबूत आहेत.

क्षारपाणी

स्वातीताई, उपकरणी जाड असतात आणि त्यांच्यावर वाचायचं काही नसतं. नाण्यावरचा अक्षरांचा उठाव अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतो, सगळा फरक तिथे पडतो.

पण चिंचेपेक्षा मोठा घोळ तिच्यासोबतच्या मिठाचा आहे. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्याचा ऑक्साइड विरघळवतं आणि खालचं गुलाबी तांबं उघडं पाडतं. त्याच वेळी मिठातला क्लोराइड त्या उघड्या तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरतो. वरून कितीही धुतलं तरी तो आत राहतो. तिथे तयार होतो क्युप्रस क्लोराइड, मेणचट राखाडी पदार्थ, डोळ्यांना सहसा दिसत नाही. दमट हवा लागली की त्याचं रूपांतर फिकट हिरव्या पुडीत होतं आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारचं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड. चक्र सुरूच राहतं. म्हणून दिवाळीला लिंबू-मिठाने झळकवलेलं तांब्याचं नाणं पुढच्या आषाढ-श्रावणात हिरवं फुटतं, आणि लोक पावसाळ्याला बोल लावतात.

धातुसंवर्धनात याला ब्राँझ रोग म्हणतात. नाव ब्राँझचं असलं तरी शुद्ध तांब्यालाही होतो.

दुदांडी

+१. आणि तो संसर्गजन्य असतो. एका शिवराईला झाला की अख्ख्या डब्याला होतो.

क्षारपाणी

दुदांडी, हा समज सगळीकडे आहे, पण हा जंतूंचा रोग नव्हे. डब्यातली सगळी नाणी एकाच दमट हवेत असतात, बहुधा एकाच चिंच-मिठाने धुतलेली असतात, म्हणून एकदम फुटतात. वेगळं काढायचं ते यासाठी की गळणाऱ्या पुडीत क्लोराइड असतो, तो शेजाऱ्यावर कशाला सांडू द्यायचा. पण नुसतं वेगळं काढून भागणार नाही, कोरडं ठेवायला हवं. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर हे चक्र जवळजवळ थांबतं.

सोनवेल

माझ्या तीन शिवरायांना तोच रोग आहे की साधा हिरवा गंज, हे ओळखायचं कसं?

टाकसाळ

बांबूच्या टूथपिकने हळूच टोचून बघा.

कडक, गुळगुळीत, गर्द हिरवं, टोक घसरतं: तो स्थिर थर. जमिनीतून आलेल्या जुन्या तांब्यावर असतोच. हात लावू नका.

फिकट, पोपटीकडे झुकणारी पूड, टोकाला चिकटून येते आणि खाली छोटा खड्डा दिसतो: रोग.

चिकट, काकवीसारखी तार धरणारं हिरवं: प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या पीव्हीसीचा चिकटा. तुमचे भोकाचे पैसे यातलेच.

तरी शंका राहिली तर काचेच्या बरणीत ओल्या कापसाचा बोळा ठेवा, नाणं त्याला न टेकता बाटलीच्या झाकणावर ठेवा आणि बरणी बंद करा. रोग जागा असेल तर दोनेक दिवसांत ताजे हिरवे ठिपके दिसतात. ही परीक्षा फक्त शंका असेल तेव्हाच. नीट नाण्याला उगाच दमट हवेत कोंडू नका.

बारा बलुती

चिकट हिरव्यावर उपाय ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल, रंग, सुगंध असतो. शुद्ध ॲसिटोन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं.

झाकणाची काचेची बरणी घ्या. झाकणाला आतून प्लॅस्टिकची चकती असेल तर काढून टाका, नाहीतर ती विरघळून पुन्हा नाण्यावरच बसते. नाणी एकमेकांवर न चढता बुडतील एवढं ॲसिटोन. पंधरा मिनिटांनी बरणी हलकेच हलवा, ॲसिटोन बदला, तासभर तसंच ठेवा. चिकटा जुना असेल तर रात्रभर. शेवटी नव्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून कागदावर टेकवून वाळू द्या. पुसायचं नाही. ॲसिटोन धातूला काही करत नाही, फक्त तेल-प्लॅस्टिक काढतं. चिकट्याखाली तांबं आधीच खाल्लं गेलं असेल तर डाग राहतील, ते राहू द्या.

खिडकी उघडी ठेवून करा. आसपास गॅस, समई, उदबत्ती, पेटलेलं काहीही नको. वाफ जड असते, ओट्यावरून सरपटत लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते.

अण्णा_करवीर

पाण्याचंही सांगा कुणीतरी. लोक बिनधास्त नळाखाली धरतात.

क्षारपाणी

नळाचं पाणी क्लोरिनयुक्त, विहिरीचं क्षारयुक्त, बाटलीतलं 'मिनरल' तर नावातच आलं. ऊर्ध्वपातित पाणीच हवं. सोपी जागा म्हणजे गाडीच्या बॅटरीचं दुकान, तिथे डिस्टिल्ड वॉटर मिळतं. मात्र त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं, ते पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. लेबल वाचून घ्या.

माती बसलेलं नाणं त्या पाण्यात बुडवून ठेवायचं, रोज पाणी बदलायचं. तेलकट असेल तर पहिल्या दिवशी सौम्य लिक्विड साबणाचे एक-दोन थेंब. लिंबाच्या अर्काचा भांड्यांचा साबण नको. माती मऊ झाली की भिंगाखाली टूथपिकने, नाहीतर बाभळीच्या काट्याने सोडवायची. काटा लाकडी काडीपेक्षा टणक आणि तांब्यापेक्षा मऊ असतो, अक्षरांच्या कोपऱ्यात छान जातो. सुई, पिन, तारेचा ब्रश, टूथब्रश, टूथपेस्ट, राख, रांगोळी, पितळ घासायची पावडर, यातलं काहीही नको. टूथपेस्टमध्ये दात घासायचे खरबरीत कण असतात, ते चांदीवर सरळ ओरखडे ओढतात.

मांडवीकर

गोव्यातल्या नाण्यांबद्दल थोडं. पोर्तुगालचा राजा डी. लुईस याच्या काळातले १८८१ चे रुपी आणि तांब्याचे पाव टांगे यांना वरचेच नियम. पण त्याआधीची बझारुकं (पोर्तुगीजांची हलक्या किमतीची नाणी) टुटेनागची, म्हणजे मुख्यतः जस्ताची असतात. जस्ताला आम्लही खातं आणि सोड्यासारखा अल्कलीही खातो. त्यांना साबण, सोडा, व्हिनेगर काहीच दाखवू नका. ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून कोरड्या डब्यात, एवढंच. ती मुळातच खडबडीत आणि काळपट असतात, उजळायच्या भानगडीत अक्षर दिसेनासं होतं.

बारा बलुती

हेच ॲल्युमिनियमला. १९६४ नंतरचे पैसे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकले की बुडबुडे येतात. तो हायड्रोजन, म्हणजे धातू विरघळतोय. बाहेर काढाल तेव्हा राखाडी, खडबडीत. सोनवेलताई, तुमच्या दोन-तीन-पाच पैशांना फक्त डिस्टिल्ड पाणी आणि ॲसिटोन.

स्वातीनक्षत्र

क्षारपाणी, मिठाचं कळलं, ते बंद. पण चांदीच्या रुपयाचा मुद्दा राहिला. ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा वापरून काळेपणा जातो म्हणतात. त्यात घासणं नाही, आम्ल नाही. ते तरी चालेल ना?

क्षारपाणी

काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. फॉइलच्या पद्धतीत ॲल्युमिनियम त्यातला गंधक ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी उरते, त्यामुळे चांदी वाया जात नाही हे खरं. काचेच्या भांड्याच्या तळाशी फॉइल, वर पाव लिटर कडकडीत गरम डिस्टिल्ड पाणी, एक मोठा चमचा सोडा. रुपया फॉइलला टेकला पाहिजे, नाहीतर काहीच होत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला की काम चालू आहे. अर्ध्या मिनिटात बाहेर, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, टेकवून कोरडा करा.

परत जमा झालेली ती चांदी भुसभुशीत असते. त्यामुळे रुपया पांढराफटक, निस्तेज दिसतो, आणि पुढे काळेपणा चढतो तो ठिपक्याठिपक्यांनी.

टाकसाळ

माझा याला विरोध आहे, निदान १८६२ च्या रुपयांसाठी तरी. १८६२ नंतर बरीच वर्षं रुपयावर तेच साल छापत राहिले. नेमकं कोणत्या टाकसाळीचं, कोणत्या ठशाचं हे राणीच्या छबीच्या प्रकारावरून आणि सालाजवळच्या बारीक ठिपक्यांवरून ठरतं. ते ठिपके भिंगातूनही जेमतेम दिसतात. काळा थर खोबणीत असतो म्हणून ते उठून दिसतात. सगळं एकसारखं पांढरं केलंत की शोधत बसा.

१९१८ च्या रुपयाबाबत तर जास्तच सांभाळा. पंचम जॉर्जचे रुपये खूप पाडले गेले आणि पुष्कळसे साठवणीत राहिले, त्यामुळे काळेपणाखाली मूळ झळाळी शिल्लक असण्याची शक्यता बरीच. एका बाजूने तिरका उजेड टाकून फिरवा. काळ्या थरातूनही उजेडाचा पट्टा फिरताना दिसला तर त्याला काहीही करू नका.

स्वातीताईंना तोडगा सुचवतो. जास्तीत जास्त झिजलेले दोन रुपये पूजेसाठी वेगळे काढा. फॉइल वापरायची तर त्यांनाच. बाकीचे डब्यातच पूजेला ठेवा, लक्ष्मीला दोन्ही चालतात.

स्वातीनक्षत्र

हे मान्य. पंचामृताचं काय? दही, मध आणि दूध तिन्ही लागतात.

टाकसाळ

त्या दोन रुपयांवरच करा आणि लगेच धुवा. दह्यातलं आम्ल मिनिटभरात चांदीचं फार बिघडवत नाही, पण रात्रभर ताम्हनात राहिलेलं पंचामृत खोबणीत वाळून बसतं. शिवराईला पंचामृत नकोच. हळदकुंकू कोरडं वाहा आणि रंगकामाच्या मऊ, न वापरलेल्या ब्रशने झटका.

पुणेरी पावली

अवांतर: सहाव्या जॉर्जचे ते दोन रुपये एका जातीचे नाहीत. १८३५ पासून रुपयात ९१.७ टक्के चांदी होती. १९४० ला ती ५० टक्क्यांवर आली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ चा वाघाचा रुपया पूर्ण निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतं. १९४४ च्याला चुंबक चिकटलं तर तो बनावट. १९४४ च्यात तांबं भरपूर असल्याने आम्लाने वरचं तांबं निघून जातं आणि रुपया खडूसारखा दिसतो. निकेलच्याला साबणाचं पाणी पुरे.

पिवळा एक आणा निकेल-पितळेचा आहे. चिंच लागली की वरचं जस्त आधी निघतं आणि गुलाबी डाग पडतात. ते कायमचे.

हडसनकाठ

राणीछाप खरा की ओतीव, हे घरी तपासता येतं. ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या. वजन ११.६६ ग्रॅम हवं, झिजलेला असेल तर थोडं कमी. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, रुपया दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा पण तळाला टेकवू नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. चांगल्या चांदीच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास थांबतो, भागाकार १०.३ येतो. ५० टक्केवाल्याला १.२२ आणि साधारण ९.५. तांबं-निकेलच्या नकलेला १.३१ च्या आसपास. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा फसवतो, आधी साबणाच्या पाण्यातून काढा.

कडी लावून माळेत ओवलेले रुपये असतील तर कडेला झाळ भरल्याची खूण दिसते. कडी घासून काढायला जाऊ नका, ती तशीच ठेवा.

दुदांडी

आता शिवरायांकडे या. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडचं 'छत्रपति' ही अक्षरं क्वचितच पूर्ण मिळतात. कुठे नुसता 'जा', कुठे 'त्र' अर्धा. ओळखायचं त्या तुकड्यांवरून, अक्षराच्या वळणावरून. खोबणीतला काळा थर आणि वरचं उजळ तांबं यांच्या फरकामुळेच अक्षर वाचता येतं. चिंचेने सगळं गुलाबी केलं की दुदांडीच्या त्या दोन आडव्या रेघासुद्धा दिसेनाशा होतात. वाचायची असेल तर धुऊ नका, अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च जवळजवळ आडवी धरून मोबाइलने फोटो काढा, टॉर्च चार दिशांनी फिरवून चार फोटो. नुसत्या डोळ्यांना न दिसलेली वेलांटी त्यात सापडते.

गर्द काळ्या आठ शिवराया आहेत, त्या तशाच ठेवा. खोबरेल, ऑलिव्ह तेल लावू नका. त्यातल्या स्निग्धाम्लांमुळे तांबं पुन्हा हिरवं पडतं. माती घट्ट असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं. काही आठवडे बुडवून ठेवा, मग ॲसिटोनने तेल काढा.

अण्णा_करवीर

पुण्याच्या जुन्या बाजारात 'शिवकालीन होन' म्हणून पितळी ओतीव तुकडे मिळतात, शिवरायाही. ओतीवाच्या अक्षरांच्या कडा बोथट असतात, सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात, कडेवर सांध्याची रेघ असते. जुनेपणाचा हिरवा रंग चढवलेला असेल तर ॲसिटोन लावलेल्या कापसावर उतरतो. आणि ईस्ट इंडिया कंपनीची रामदरबार किंवा मारुती असलेली १८१८, १७१७, १६१६ सालची 'नाणी' ही नाणी नाहीतच. असलं नाणं कंपनीने कधी पाडलं नाही. पूजेला ठेवा, जुनं म्हणून पैसे मोजू नका.

मांडवीकर

त्यातच भर: 'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून आधी शुल्क मागतात. असा कोणताही व्यवहार आपण करत नाही, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

हडसनकाठ

आणि शेतात नांगरताना नाणी सापडली तर? धुवायची की नाही हा प्रश्न पुढचा. १८७८ च्या कायद्याने जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, परदेशातून इकडे भेटीला येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा.

टाकसाळ

खरं आहे. आणि तो ठेवा न धुता, न वाटता, मातीच्या मडक्यासकट द्यायचा. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. क्षहरातांचं राज्य कुणी घेतलं याचा एवढा मोठा पुरावा मिळाला, कारण ठेवा एकत्र हाती आला आणि खालचा जुना ठसा वरच्यातून वाचता आला. तीच नाणी घासून सोनाराकडे गेली असती तर खालचे ग्रीक-ब्राह्मी अक्षरांचे अवशेष पहिल्यांदा गेले असते.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर पांढरी पूड दिसली तर हातमोजे घाला. ती विषारी असते. अशी नाणी लाकडी पेटीत ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं पांढरं पडत जातं.

सोनवेल

खूप मोलाची माहिती. फिरून मूळ प्रश्नावर येते. त्या तीन शिवरायांना टूथपिकने टोचलं, पूड निघते आणि खाली खड्डा आहे. म्हणजे रोगच. आता घरी काय करता येईल?

क्षारपाणी

पूड काट्याने जमेल तेवढी कोरडीच काढा, कागदावर घ्या आणि टाकून द्या. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २८ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि २२ ग्रॅम खाण्याचा सोडा. कार्बोनेट रसायनांच्या दुकानातलं शुद्ध घ्या, धुण्याच्या सोड्यात मीठ मिसळलेलं असू शकतं. स्फटिकाच्या रूपातलं मिळालं तर २८ ऐवजी ७५ ग्रॅम, कारण त्यात पाणी जास्त असतं. तीन शिवराया काचेच्या भांड्यात, एकमेकींना न टेकता, या द्रावणात बुडवा. दर आठवड्याला द्रावण बदला. कित्येक आठवडे लागतात, घाई नको. कधी कधी थर निळसर होतो, तसं दिसलं तर द्रावणातून काढून नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात पुढे चालू ठेवा.

क्लोराइड संपला का, ते शेवटच्या धुण्याच्या पाण्यावर तपासतात. थोड्या पाण्यात विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. दुधाळ झालं तर क्लोराइड अजून आहे. आम्ल आधी घातलं नाही तर उरलेला सोडाच पाणी गढूळ करतो आणि परीक्षा फसते. सिल्व्हर नायट्रेटचे डाग बोटांवरून कित्येक दिवस जात नाहीत. या वस्तू घरात आणायच्या नसतील तर आठवडे थोडे जास्त मोजा.

मग दिवसभर डिस्टिल्ड पाणी, नंतर ॲसिटोनचं एक स्नान, आणि पूर्ण कोरडं करणं. संग्रहालयांत यापुढे ३ टक्के बेन्झोट्रायझोलचं (तांब्याचा गंज रोखणारं रसायन) अल्कोहोलमधलं द्रावण २४ तास देतात आणि वर मेणाचा पातळ थर. बेन्झोट्रायझोल आरोग्याला घातक आहे, स्वयंपाकघरात त्याला जागा नाही. नाणी दुर्मीळ असतील तर संवर्धकाकडेच द्या.

बारा बलुती

आणि परत त्याच डब्यात टाकू नका. लोकर, मखमल, वर्तमानपत्र, रबरबँड यांतून गंधक सुटतो किंवा आम्ल, चांदी पुन्हा काळी. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, ती नकोत. मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं घ्या, कडक असतात आणि दुमडली की कुरकुर वाजतात. पुठ्ठ्याच्या चौकटी वापरत असाल तर स्टेपलच्या पिना पकडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. नाणं कायम कडेने धरा.

एका लिटरच्या हवाबंद डब्यात ४० ते ५० ग्रॅम ओलावा शोषणारं सिलिका जेल, नारिंगी रंगाचं. हिरवट झालं की बदला.

सोनवेल

हिरवट झालेलं फेकायचं का? आणि पावसाळ्यात डबा उघडायचाच नाही का?

बारा बलुती

फेकू नका. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. मायक्रोवेव्ह नको, कण तडकतात. पावसाळ्यात उघडायचाच असेल तर एसी चालू असलेल्या खोलीत उघडा आणि डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा.

टाकसाळ

पाकिटात ठेवण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन नोंदवा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, शाईने नको, आणि ती नाण्याला न टेकता पाकिटाच्या दुसऱ्या कप्प्यात घाला. त्या तीन शिवरायांच्या चिठ्ठीवर कोणत्या द्रावणात किती आठवडे होत्या तेही येऊ द्या. पुढच्या श्रावणात पुन्हा पूड दिसली तर सुरुवात कुठून करायची ते त्यावरून ठरेल.